मास्तरांच्या जमादाराने उकरलेले प्रकरण

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जाळपोळीही पाहिल्या. त्यांतली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला वेळ लागतो. सौंसरचे हे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे. त्यात कोणाला शिक्षा झाली नाही, कोर्टात कागद गेला नाही, वर्तमानपत्रात ओळही आली नाही. तरी तपास म्हणजे काय हे मला त्या प्रकरणाने जितके शिकवले तितके दुसऱ्या कशाने शिकवले नाही. ती कुटुंबे आजही तिथे नांदत आहेत, म्हणून माणसांची नावे देत नाही. कुत्र्याचे नाव तेवढे द्यावे लागेल, कारण त्याशिवाय ही हकीकत सांगताच येणार नाही.

कुत्र्याचे नाव जमादार होते.

माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांचा तो कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. रोज संध्याकाळी तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जाई, प्रत्येक दाराशी थांबून हुंगे आणि परत येई. गस्तच ती. म्हणून गल्लीने त्याला जमादार म्हणायला सुरुवात केली. पंचाईत अशी, की आमच्या ठाण्यातल्या हेड कॉन्स्टेबललाही सगळे जमादारसाहेबच म्हणत. वीस वर्षे नोकरी झालेला, मिशा राखून असलेला तो माणूस बाजारातून जात असला आणि मागून कोणी "जमादार, चाल घरी" अशी हाक मारली, की त्याचा दिवस खराब जाई.

मी तेव्हा सौंसरला ठाणेदार होतो. राज्यांची पुनर्रचना होऊ घातली होती. इतकी वर्षे आमची राजधानी नागपूर. तिकडचे हुकूम, तिकडची कोर्टे, तिकडचाच बाजार. आता नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर, पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहून भोपाळकडे पाहणार, हे ठरले होते. चहाच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. मी स्वतः अमरावतीकडचा. आपण कोणत्या राज्याचे नोकर राहणार हे मलाही नीट माहीत नव्हते. ठाण्याचा मुन्शी तर रोज सकाळी हजेरी घेऊन झाली की विचारी, "साहेब, नवे शिक्के येईपर्यंत जुनेच मारू न?"

अशा दिवसांत एका सकाळी कापडाचे दुकान असलेले एक शेठजी फिर्याद घेऊन आले. मास्तरांचे ते लागूनचे शेजारी. अंगाने स्थूल, बोलण्यात गोड. पण त्या दिवशी चेहरा लाल होता.

"साहेब, जमादार माह्या अंगणात रोज गड्ढे करून राहिला."

आमचे जमादारसाहेब माझ्या उजव्या हाताला उभे होते. त्यांनी शेठजींकडे पाहिले, मग माझ्याकडे. मुन्शीने लेखणी उचलली आणि खाली ठेवली.

"मास्तरांचं कुत्रं म्हणा," जमादारसाहेब म्हणाले.

"तेच म्हणून राहिलो न बाप्पा."

शेठजींचा गावाबाहेर संत्र्यांचा बगीचा होता. शिवाय यंदा पाऊस ओसरल्यावर त्यांनी घरामागच्या अंगणात पाचसहा निवडक कलमे लावली होती. नजरेसमोर वाढवायची आणि पुढेमागे प्रदर्शनात फळ ठेवायचे, अशी हौस. मास्तरांचा कुत्रा कुंपणाखालून येऊन नेमकी तीच कलमे मुळापासून उकरत होता. पुन्हा लावली की पुन्हा उकरी.

"हे त्या कुत्र्याचं डोकं नाही, साहेब," शेठजी म्हणाले. "मास्तरानं शिकवलं त्याले. मास्तराले वाटते सौंसर महाराष्ट्राकडे जायले पाह्यजे. म्या म्हणतलं, भोपाळ काय वाईट आहे? तवापासून बोलणं बंद. आता कुत्रं सोडून राहिला."

मी मास्तरांना बोलावून घेतले. ते धोतर सावरत आले, खुर्चीवर ताठ बसले आणि म्हणाले, "साहेब, माझा कुत्रा माझ्याही अंगणात खड्डे करतो. माझं मत भोपाळच्या बाजूचं आहे, असं म्हणायचं काय?"

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. मुन्शीने अदखलपात्र म्हणून नोंद केली. मी दोघांनाही समज दिली: मास्तरांनी कुत्रा बांधावा, शेठजींनी कुंपण दुरुस्त करावे. उठता उठता शेठजी बोलून गेले, "कुंपण कायले, कुत्र्याचाच बंदोबस्त करतो." मी त्याकडे लक्ष दिले नाही. रागात माणसे बोलतात आणि घरी जाऊन जेवतात.

पण हे जेवून विसरणारे दिसत नव्हते. दोनतीन दिवसांनी किराणा दुकानदाराने जमादारसाहेबांच्या कानावर घातले, की शेठजी कुचल्याच्या बिया विचारत होते. कुचला म्हणजे जहाल विष. कुत्र्यांना घालायला तेव्हा तेच वापरत. आणि त्याच दिवशी दूध घालणारा गवळी ठाण्यात आला. तो आमचा जुना खबऱ्या. आधी इकडचे तिकडचे बोलला, मग कमरेचे फडके सोडून त्याने माझ्या टेबलावर एक वस्तू ठेवली.

ते बोटाएवढे हाड होते.

"शेठजीच्या अंगणातून कुत्र्यानं काढलं," तो हळूच म्हणाला. "माह्या डोळ्यानं पाह्यलं. तोंडात धरून कुंपणाखालून निंघालं. अजून एक होतं, थे खाऊन टाकलं त्यानं."

"मग?"

"मंग काय साहेब. शेठजीचा धाकटा भाऊ बरेच दिवस दिसून नाही राहिला. दुकानावर बी नाही, बगीच्यात बी नाही. दोघा भावाईचं जोरात भांडण झालतं, ते गल्लीनं आयकलं. त्याच्यानंतर थो कोणाले दिसला नाही."

गवळी गेला. टेबलावर हाड पडले होते. जमादारसाहेब त्याकडे पाहत म्हणाले, "या कुत्र्याले म्या उगाच वाईट म्हणत होतो."

मी हाड घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ते उजेडात धरले, उलटसुलट केले आणि एवढ्या तुकड्यावरून माणसाचे की जनावराचे हे सांगता येणार नाही, नागपूरला तपासणीला पाठवा, असे म्हणाले. ढोरांचे डॉक्टर सांगू शकले असते, पण ते लोधीखेड्याकडे जनावरांना टोचायला गेले होते. आता हाड नागपूरला पाठवावे, तर ते तिथे पोचून अहवाल येईपर्यंत नागपूर दुसऱ्या राज्यात गेलेले असणार. मुन्शीने प्रामाणिकपणे विचारले, की परराज्यात हाड पाठवायला कोणाची मंजुरी लागते. मला माहीत नव्हते. कोणालाच माहीत नव्हते.

मी शेठजींच्या घरी गेलो. जमादारसाहेबांना सोबत घेतले. शेठजी आम्हाला पाहून दारातच उठून उभे राहिले.

"साहेब, म्या फिर्याद मागे घेतो," मी काही बोलायच्या आत ते म्हणाले.

चार दिवसांपूर्वी या माणसाला मास्तरांवर खटला हवा होता. फिर्यादी आपणहून थंड होतो तेव्हा दोनच कारणे असतात. एक तर त्याचे भले झालेले असते, नाहीतर तपास त्याच्या दिशेने वळलेला असतो. शेठजींचे भले झालेले दिसत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"अंगण पाहतो," मी म्हणालो.

"अंगणात काय पाहाचं साहेब? बसा न, चहा घ्या."

तरी मी मागे गेलो. अंगण सारवलेले, स्वच्छ. मधोमध तुळशीवृंदावन. शेठजींच्या मातोश्री तिथे बसून वाती वळत होत्या. या बाईंचे सोवळे गावात प्रसिद्ध होते. घरात कांदा शिजत नसे, आणि चामड्याची चप्पल त्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. माझे बूट मी आधीच बाहेर काढले होते. त्यांनी मला "बस बापू" म्हटले आणि वाती वळत राहिल्या.

भिंतीकडेला कलमे होती. काही आडवी, काही नुकतीच पुन्हा रोवलेली. प्रत्येकाच्या बुडाशी माती उकरलेली. मी वाकून पाहू लागलो, तसे शेठजी मध्ये येऊन उभे राहिले.

"धाकटे बंधू कुठे आहेत?" मी सहज विचारले.

"नागपूरले गेला," शेठजी म्हणाले. "मालाच्या खरेदीले."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून शेठजींच्या पत्नी म्हणाल्या, "जामसांवलीले गेले न, दर्शनाले."

मातोश्रींनी मान वर केली. "मले तं म्हणे, थो पांढुर्ण्याले सासरी गेला."

मी तिघांकडेही आळीपाळीने पाहिले. शेठजी आपल्या पत्नीकडे पाहत होते, पत्नी जमिनीकडे. फक्त म्हातारीची नजर शांत होती. मी मनाशी एवढेच ठरवले, की तिघांपैकी जिला काही लपवायचे नाही तिचेच उत्तर खरे धरून चालावे. अंगण लगेच खणून काढता आले असते. पण नुसत्या संशयावरून तुळशीसमोर फावडे चालवले आणि काही निघाले नाही, तर त्या घराची अब्रू मी परत करू शकलो नसतो. पंचनामा नंतरही होऊ शकतो. मी जमादारसाहेबांना अंगणावर साध्या वेषातला पहारा ठेवायला सांगितले आणि कुत्र्याला मास्तरांच्या संमतीने ठाण्यात आणले. कुचल्याच्या बियांची गोष्ट मी विसरलो नव्हतो. शिवाय तो आमचा एकमेव साक्षीदार होता. पहारा दिसताच गल्लीत कुजबुज सुरू झाली, की शेठजींनी भावाला मारून अंगणात पुरले.

ठाण्याच्या रोजनामच्यात मुन्शीने लिहिले, की जमादार यास ताब्यात घेतले. जमादारसाहेबांनी ते वाचले आणि खोडायला लावले.

वरिष्ठांना कळवणे भाग होते. त्यांचे उलट विचारणे आले, की फिर्यादी आणि शेजारी यांची मते राज्याच्या प्रश्नावर भिन्न असल्याचे समजते, तरी या प्रकरणाला भाषिक वादाचे स्वरूप आहे काय, ते कळवावे. मी कळवले, की दोन्ही पक्ष मराठी बोलतात आणि कुत्रा कोणतीच भाषा बोलत नाही.

कुत्रा ठाण्यात आला आणि त्याने ठाण्याचेही अंगण उकरायला घेतले. ऑक्टोबरचे ऊन कडक होते. दुपारी ठाण्यात फारसे काम नसे. मी खुर्ची व्हरांड्यात टाकून त्याच्याकडे पाहत बसे. प्रथम गंमत म्हणून, मग लक्ष देऊन. आरोपीला पाहतो तसे मी कुत्र्याला पाहू लागलो.

पाण्याच्या रांजणाजवळची माती कायम ओली असे. तिथे तो पुढच्या पायांनी भराभर उकरी, अंगापुरता खड्डा झाला की त्यात पोट टेकून पडे आणि डोळे मिटे. म्हणजे तो खड्डा गारव्यासाठी. जप्तीचा माल ठेवायच्या मालखान्याच्या मागच्या भिंतीशी त्याची तऱ्हा वेगळी. तिथे तो आधी कान लावी, नाक मातीत खुपशी, थांबे आणि एकदम तुटून पडे. भिंतीखाली घुशींची बिळे होती. संध्याकाळी मास्तर त्याची भाकर घेऊन येत आणि परत जात. ते दिसेनासे झाले की तो फाटकाखाली उकरायला लागे. तो खड्डा घरी जाण्यासाठी.

उकरणे एकच होते, पण प्रत्येक ठिकाणी त्याला काहीतरी वेगळे हवे होते. रांजणाजवळ तो घूस शोधत नव्हता आणि भिंतीशी त्याला झोपायचे नव्हते. ठाण्याच्या एवढ्या मोठ्या अंगणात बाकी सगळी जागा त्याने सोडून दिली होती.

मग मला शेठजींचे अंगण आठवले. तिथे तुळशीजवळची माती ओली होती, सावली होती. तिला त्याने नखही लावले नव्हते. कोपऱ्यात घुशीचे बीळ मी पाहिले होते, तेही तसेच. उकरले होते फक्त कलमांखाली, प्रत्येक कलमाखाली, आणि एकदा नाही तर पुन्हा पुन्हा. म्हणजे त्या मातीत कोणीतरी मुद्दाम काहीतरी पुरले होते, आणि एका जागी नाही तर वाटून पुरले होते. हा विचार मनात येताच मी खुर्चीवरून उठलो आणि जमादारसाहेबांना पांढुर्ण्याच्या बसची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी जमादारसाहेबांना घेऊन पांढुर्ण्याला गेलो. धाकट्या भावाचे सासर शोधायला त्रास पडला नाही. घर मळ्याच्या बाजूला होते. मी मनाची तयारी केली होती, की तिथली मंडळी म्हणतील, जावईबापू तर इकडे आलेच नाहीत. ते ऐकले की परत जाऊन फावडे चालवायचे.

ओसरीवर एक तरुण माणूस पाटावर बसून वांग्याची भाजी आणि भाकर खात होता. आमचे गणवेश दिसताच त्याचा घास हातातच राहिला.

"सौंसरच्या शेठजींचे धाकटे बंधू तुम्हीच?" मी विचारले.

"हो जी."

जमादारसाहेबांनी मोठा श्वास सोडला. मला वाटते त्यांची थोडी निराशा झाली असावी. मीही काय बोलावे याचा विचार करत होतो, इतक्यात तो माणूस ताट सरकवून उभा राहिला आणि म्हणाला, "म्या नाही पुरलं, साहेब. दादानं पुरलं. म्या फक्त पोतं आणलं."

ज्याचा खून झाला असा आमचा संशय होता तोच माणूस माझ्यासमोर उभा राहून पुरल्याची कबुली देत होता. क्षणभर वाटले, मेलेला माणूस तिसराच आहे.

"पोत्यात कोण होतं?" मी आवाज कडक ठेवून विचारले.

"कोणी नाही जी. हाडं होती."

"कोणाची?"

तो विचारात पडला. "थे काही पोत्यावर लिवलं नव्हतं."

मी त्याला खाली बसवले, पाणी द्यायला लावले आणि पहिल्यापासून सांगायला सांगितले. चौकशीत माझा अनुभव असा, की घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवले तर तो सुचेल ते सांगतो; पाणी दिले तर घडले ते सांगतो. त्याने सांगितले ते असे. शेठजींना नागपूरला कोणीतरी जाणत्याने सल्ला दिला होता, की संत्र्याच्या कलमाला बुडाशी हाडांचा चुरा घाला, झाड जोमाने वाढते आणि फळ गोड येते. हा चुरा खत म्हणून पोत्यातून विकत मिळे. शेठजींच्या मनात ते भरले. पण घरी मातोश्री. कांदा न शिजणाऱ्या घरात, तुळशीच्या अंगणात हाडे कशी आणायची? तेव्हा मातोश्री कीर्तनाला गेलेल्या असताना धाकट्याने पोते आणले आणि शेठजींनी ते घाईघाईने कलमांखाली पुरले. चुरा जाडाभरडा होता, त्यात बोटाबोटाएवढे तुकडे. दुसऱ्याच दिवशी कुत्रा आला.

"मंग म्या दादाले म्हटलं, मायले सांगून टाक. दादा म्हणे, तूच आणलं, तूच सांग. त्याच्यावरून आमचं वाजलं. म्या इकडे येऊन गेलो."

"आणि घरच्यांनी तीन ठिकाणं का सांगितली?"

"पोलिसाईनं मले गाठू नये म्हणून असन. मायले तेवढं खरं सांगतलं होतं. माह्या तोंडात गोष्ट राहत नाही न जी."

मी म्हणालो, की सौंसरला चला, हे सगळे शेठजींसमोर आणि तुमच्या आईसमोर सांगावे लागेल. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मले अटक करा. लॉकपमध्ये ठेवा. पण मायसमोर नका नेऊ."

इतक्या वर्षांत लॉकप मागून घेणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

दुपारी आम्ही सौंसरला उतरलो. भाऊ बसमधून उतरताना बाजारात लोकांनी पाहिला आणि आम्ही घरी पोचायच्या आत गल्लीत बातमी पोचली, की मेलेला माणूस परत आला. शेठजी दारात होते. भावाला आमच्यासोबत पाहून ते तिथेच पायरीवर बसले. मी त्यांना म्हणालो, "शेठजी, खत घालणं गुन्हा नाही. पण गाव तुम्हाला खुनी समजतंय. आता आईंना तुम्हीच सांगा."

अंगणात मातोश्री होत्या. मास्तरांनाही मी बोलावून घेतले होते. कुत्रा दोरीने जमादारसाहेबांच्या हातात होता. शेठजींनी सांगायला सुरुवात केली. कापडाचे दोन तास कौतुक करू शकणारा तो माणूस, पण चार वाक्यांना त्यांना दहा वेळा थांबावे लागले.

म्हातारीने सगळे ऐकून घेतले.

"तुळशीखाली?" त्यांनी विचारले.

"नाही माय. तुळशीपासून दूर."

"हं." मग थोड्या वेळाने, "संत्रं गोड लागते का त्यानं?"

शेठजी गोंधळले. "लागते म्हणून सांगतलं मले."

"मंग बगीच्यात घालाचं न. शेतात कायचं सोवळं? मले इचारलं असतं तं म्याच सांगतलं असतं."

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. मला वाटले, प्रकरण इथे मिटले. मी निरोप घेणार तोच जमादारसाहेब, त्यांना काही पोटात ठेवता येत नसे, बोलून गेले, "आणि थे कुचल्याचं बी सांगून टाका शेठजी."

शेठजींची मान खाली गेली. काय ते मातोश्रींना कळायला वेळ लागला नाही. त्या उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण अंगणातले सगळे, आम्ही पोलीससुद्धा, एक पाऊल मागे सरकलो.

"हाडाचा विटाळ दोन तांबे पाण्यानं जाते," त्या म्हणाल्या. "आपली लबाडी उघडी पडू नये म्हणून तू मुका जीव मारून राहिला होता. थे कायनं धुतलं असतं, सांग."

शेठजींच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते मास्तरांकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर, चुकलं माहं." मास्तर इतके दिवस खटल्याची तयारी करून बसलेले, माफीची त्यांची तयारी नव्हती. ते नुसतेच "असू द्या, असू द्या" म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. कुत्रा मात्र दोरीला हिसके देऊन कलमांकडे ओढत होता.

मातोश्रींनी निवाडा दिला तो कोणत्याही न्यायाधीशाने द्यावा असा होता. दोघा भावांनी आपल्या हाताने कलमे काढायची, मातीसकट बगीच्यात नेऊन लावायची, अंगण सारवायचे आणि मग आंघोळ करून घरात यायचे. मजूर लावायचा नाही. गल्लीने ती मिरवणूक कुंपणावरून पाहिली. खुनाची अफवा त्या संध्याकाळीच संपली.

कुत्र्याचे उकरणे मात्र संपले नाही. कलमे गेली तरी तो कुंपणाखालून येतच राहिला आणि मास्तरांच्या अंगणात तर पूर्वीपासून खड्डेच खड्डे होते. मास्तर एक दिवस ठाण्यात येऊन म्हणाले, "साहेब, याला मारून पाहिलं, पाणी ओतून पाहिलं, खड्ड्यात बाभळीचे काटे भरले. तो काटे काढून शेजारी नवा खड्डा करतो."

मी त्यांना ठाण्यात पाहिलेले सांगितले. मग आम्ही दोघांनी त्यांचे अंगण एखाद्या घटनास्थळासारखे पाहिले. मोरीजवळचे खड्डे गारव्याचे होते. तेव्हा कडुनिंबाच्या सावलीत त्याला एक हक्काचा खड्डा करून दिला, त्यात वाळू टाकली, दुपारी तिच्यावर पाणी शिंपडायचे ठरवले. सुरुवातीला मास्तर त्या वाळूत भाकरीचे तुकडे पुरून ठेवत. इथे उकरले तर काहीतरी मिळते, हे त्याला एकदा कळले की तो आपणहून तिथेच जाऊ लागला. दुसरीकडे उकरताना दिसला तर मास्तर न ओरडता त्याला उचलून वाळूत आणून सोडत. कुंपणाच्या बुडाशी मोठे दगड बसवले. घुशींची बिळे बुजवली.

उरले कुंपणाजवळचे उकरणे. ते का, हे मी मास्तरांना विचारले तेव्हा कळले, की निवृत्त झाल्यापासून त्यांचे गुडघे दुखत होते. पूर्वी ते सकाळी त्याला नदीपर्यंत फिरवून आणत. आता तो दिवसभर अंगणात कोंडलेला आणि संध्याकाळी गल्लीत तेवढा मोकळा. जवान कुत्रा, काम काही नाही. त्याने उकरावे नाहीतर काय करावे?

यावर उपाय शेठजींच्या मातोश्रींनी काढला. धाकट्या मुलाला त्यांनी सांगितले, "तू बगीच्यात रोज जातो न, त्याले घेऊन जात जा." तो रोज सकाळी कुत्र्याला घेऊन बगीच्यात जाऊ लागला. तिथे जमादार घुशींच्या मागे लागून बांध उकरी, आणि कोणी त्याच्यावर फिर्याद केली नाही. दुपारी दमून परत येई आणि वाळूत झोपे. मास्तर आणि शेठजी पुन्हा एकाच बाकावर बसून वर्तमानपत्र वाचू लागले. राज्याच्या प्रश्नावर त्यांचे कधीच जमले नाही, पण भांडण वर्तमानपत्रापुरते राहिले. थोड्याच दिवसांत राज्ये बदलली, ठाण्याला नवे शिक्के आले आणि मलाही बदलीचा हुकूम आला.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. तोपर्यंत मी पहिला प्रश्न विचारी तो "कोणी केलं?" त्यानंतर "इथंच का?" हा प्रश्न मी सोडला नाही. ज्याला आपण खोड म्हणतो तिच्या खाली बहुतेक वेळा काहीतरी असते. कधी ते करणाऱ्याच्या पोटात असते, तर कधी तक्रार करणाऱ्याच्या अंगणात. खोड मोडायला काठी लगेच सापडते. खाली काय आहे ते पाहायला वाकावे लागते, आणि वाकायला कोणालाच आवडत नाही.

पुढे दुसऱ्या एका ठाण्यात मी हजर झालो तेव्हा तिथे एक म्हातारा होता. शेजारच्या शेताचे कुंपण तो वारंवार मोडत असे. माझ्या आधीच्या लोकांनी त्याला दोनदा आत बसवून पाहिले होते, दम देऊन झाला होता, जामीन घेऊन झाला होता. सुटला की पुन्हा तेच. त्याला माझ्यासमोर आणले. मी त्याला बसायला सांगितले आणि विचारले, "बाबा, कुंपण एवढं लांबलचक आहे. तुम्ही नेहमी त्याच एका जागी का मोडता?"

"तिथून विहिरीची वाट होती जी," तो म्हणाला. "माह्या बायकोले दूरून पाणी आणणं होत नाही."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कोणी इचारलंच नाही."